सहा आठवड्यांची शिकवणी

ग्राबनिट्झ, सोमवार, ३ मार्च १७८३

लेनहार्ट,

हे पत्र तुझ्या बहिणीकडून आहे. आपल्याला बहीण नाही असं तू तेवीस वर्षांपूर्वी एका फेरीवाल्याच्या हाती लिहून कळवलं होतंस. ते मिळालं. तुला बहीण नसेल, मला मात्र भाऊ आहे आणि त्याला चार गोष्टी सुनवायच्या आहेत.

तुमचा गाडीवाला झकारियास फिलाखला येऊन उतरलाय. तुम्हा धर्मावरून हाकललेल्यांची मागे राहिलेली मुलं, पेट्या, भांडीकुंडी, जे सापडेल ते गोळा करून ईस्टरनंतरच्या मंगळवारी तो ट्रान्सिल्वेनियाला परत निघणार म्हणतो. तोवर मी सवड होईल तसं लिहीन आणि सगळी पत्रं एकदमच त्याच्या हाती देईन. तू रोझिनाच्या नावे धाडलेलं पत्र त्याने मला आणून दिलं. तिला वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तुझी मुलगी सुखरूप आहे. एकतीस वर्षांची झाली, दात शाबूत आहेत, आणि चालते तुझ्यासारखीच, पाय आपटत.

आता माझं. आज सकाळी मी कॅथलिक पाद्र्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, मी लुथरपंथी आहे, माझं नाव लिहून घ्या.

नव्या सम्राटाने दीड वर्षापूर्वी हुकूम काढला, तो तुमच्याकडेही वाचून दाखवला असेल. आम्हाला म्हणे आता सहन केलं जाईल. शब्द त्यांचाच आहे. दुखरी दाढ सहन करतात, तसं. शंभर घरं जमली तर प्रार्थनाघर बांधा, पण त्याला मनोरा नको, घंटा नको आणि रस्त्याकडे दारही नको. गेलं वर्षभर नुसतं जाऊन नाव सांगितलं की भागत होतं. आपल्या खोऱ्यातल्या एकशे बारा घरांनी सांगितलं. मी नाही सांगितलं.

का नाही, ते निदान तुला तरी कळावं. सन पंचावन्नमध्ये असंच टेबल मांडलं होतं, असाच कारकून होता आणि 'निर्धास्तपणे सांगा' असंच म्हणाला होता. तू निर्धास्तपणे सांगितलंस आणि त्यांनी तुला होडीत घालून डॅन्यूबने खाली धाडून दिलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी म्हटलं, सम्राटाच्या आईने, राणीने हाकललं, आता मुलगा यादी करून हाकलणार. नुसतं म्हणून गप्प बसले नाही, घरोघरी जाऊन सांगून आले, नावं देऊ नका म्हणून. नशीब, कुणी ऐकलं नाही. एक जानेवारीला मुदत संपली. होडीत कुणीच बसलं नाही, आणि शहाणी अपोलोनिया तेवढी बाहेर राहिली.

मुदत चुकलेल्यांसाठी नवा नियम आहे. आधी सहा आठवडे रोज कॅथलिक पाद्र्यापुढे बसून त्यांच्या धर्माची शिकवणी घ्यायची. सहा आठवड्यांनंतरही डोकं ठिकाणावर आलं नाही, तर मग लुथरपंथी असल्याचा दाखला. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला सहा आठवडे. मी म्हटलं, ओता.

रोझिना मला दारापर्यंत सोडायला आली होती. वाटेवर अजून बर्फ आहे. रोज येईन म्हणते.

प्लोनी

मंगळवार, ११ मार्च

मोठ्या पाद्र्यांनी माझ्यावर वेळ घालवायचा नाही असं ठरवलंय. शिकवतात ते फादर काजेटान. वय सव्वीस. पाठशाळेतून गेल्या वर्षीच आलेत, सपाटीवरचे आहेत, थंडीने बोटं सुजून लाल झालीत. पुस्तकातलं एक पान वाचतात, मग विचारतात, "समजलं?" मी म्हणते, समजलं. "पटलं?" मी म्हणते, नाही. ते लिहून घेतात आणि पान उलटतात. गेल्या आठवड्यात संत झाले, मृतांच्या आत्म्यांचं शुद्धिस्थान झालं, पोपसाहेब अर्धे झाले.

गुरुवारी त्यांनी बायबलातल्या पौलाच्या पत्रातली एक ओळ चुकीची म्हटली. मी दुरुस्त केली आणि पुढच्या सहा ओळीही म्हणून टाकल्या, एकदा जीभ सुटल्यावर थांबवेना. ते बघतच राहिले. हे कुठे वाचलंत म्हणाले. मी म्हटलं, पुस्तकं तुमच्या लोकांनी जाळली, फादर, म्हणून डोक्यात ठेवावी लागली. ते हसले, आणि मग घाईने दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांसाठी मी हंसाची चरबी घेऊन गेले. पाखंडी बाईची चरबी लावावी की नाही, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि लावली.

आपल्या लोकांचं ऐक. काल झऱ्यावर झिबिला भेटली, ती खालच्या गिरणीवाल्याची. नाव नोंदवून तिला जेमतेम सात महिने झालेत, पण चालते अशी की लुथर तिच्या मांडीवरच वाढला. सगळ्यांदेखत मला म्हणाली, "काय प्लोनी, क्रूसाचे मुके घेऊन ओठ वाळले वाटतं, आता आमच्याकडे पाणी प्यायला येतेस?" मी म्हटलं, माझे ओठ टेबलापुढे तरी वाळले. तुझा नवरा त्या दिवशी गवताच्या गंजीत होता, त्याच्या तोंडात काय होतं ते विचार.

पण पाणी भरायला मला शेवटी उभं राहावं लागलं, हेही सांगते. मला बाहेरचे मानतात ते काही कॅथलिकच आहेत असं नाही.

झकारियास परवा येऊन गेला. मुलीची तयारी कुठवर आली, गाडीत जागा धरू का, असं विचारत होता. मी म्हटलं, बघू.

प्लोनी

शुक्रवार, २१ मार्च

आज शिकवणीत शपथ हा विषय होता. खोटी शपथ घेणाऱ्याचं काय होतं, ते फादर काजेटाननी तीन पानं वाचलं. मान वर केली नाही त्यांनी. त्यांना कुणीतरी माझं जुनं सांगितलेलं दिसतंय. मग मीही म्हटलं, ज्याला सांगायला हवं त्याला आज सांगून टाकू.

तू का पकडला गेलास, ते सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. रस्त्यात कुणी 'येशू ख्रिस्ताची स्तुती असो' म्हटलं की 'सर्वकाळ' म्हणायचं, एवढाच एक शब्द होता. आम्ही सगळे म्हणत होतो. येशू काही त्यांच्या एकट्यांचा नव्हता. पण हुकमाने म्हणायचा म्हणून तुझ्या घशातून तो बाहेर पडेना. टोपी खाली ओढायचास आणि मुक्याने पुढे जायचास. तीन आठवड्यांत बोलावणं आलं.

तू टेबलापुढे छातीवर हात ठेवून सांगितलंस. तुझ्या उर्सुलानेही सांगितलं, हळू आवाजात, तुझ्यामागून. रोझिना तिच्या कडेवर होती, तीन वर्षांची, तोंडात शालीचं टोक. तेव्हा कारकुनाने ते कलम वाचलं. आईबापांनी जायचं. लहान मुलं इथेच राहतील आणि खऱ्या धर्मात वाढवली जातील. भरवशाचं कॅथलिक नातलग असेल तर त्याच्याकडे, नाहीतर शहरातल्या अनाथाश्रमात.

तू तेव्हा छताकडे बघून स्तोत्र म्हणत होतास. म्हणून पुढचं तुला दिसलं नाही. उर्सुलाने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, पोरीला कडेवरून उतरवलं आणि तिचा हात माझ्या दिशेने पुढे केला, एवढासा. माझ्याकडे विचार करायला वेळ होता तो तिने हात पुढे करण्याइतकाच. मी पुढे झाले, गुडघे टेकले, क्रूसाचं चुंबन घेतलं, आणि शपथ घेतली की मी जन्माची कॅथलिक आहे आणि या मुलीला तशीच वाढवीन.

तुझं स्तोत्र तिथे थांबलं. तू माझ्या पायाशी थुंकलास आणि मला यहूदा म्हणालास, ख्रिस्ताला विकणारा. अठ्ठावीस वर्षं तुला वाटतं की मी तुझ्या शेतासाठी शपथ घेतली. हो, शेतही दिलं मला. घेतलं मी. पोर काय वारा खाऊन वाढते?

तुझ्या बायकोने माझ्याकडे पोर दिली, लेनहार्ट. ती तुला कधी बोलली नसेल तर तिने ते का लपवलं, याचा विचार कर. तेव्हा मला लिहिता आलं नाही, पत्रं फोडून वाचायचे. आता लिहिता येतं, म्हणून लिहिलं. मी क्षमा मागत नाहीये, नीट वाच.

प्लोनी

सोमवार, ३१ मार्च

गेल्या बुधवारी झऱ्याच्या उतारावर पाय घसरला आणि घोटा सुजून भोपळा झाला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस शिकवणी बुडाली. शनिवारी मोठ्या पाद्र्यांचा निरोप आला. सहा आठवडे सलग व्हायला हवेत. खंड पडला, आता पहिल्यापासून सुरुवात.

हा त्यांचा जुना डाव आहे. वरच्या गावातल्या एका चांभाराला त्यांनी तीनदा पहिल्यापासून बसवलं. एकदा खोकला म्हणून, एकदा सासू मेली म्हणून. तो अजून संतांवरच आहे. मी साठीला आलेय. मला असे किती सहा आठवडे मिळणार? मी खाटेवर पडून त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहीत नाही.

आता पुढचं सांगायचं तर आधी एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तीन पत्रं टाळली. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

रोझिना रोज माझ्याबरोबर पाद्र्यांच्या दारापर्यंत येते ते मला धरायला. शिकवणीला नाही. तिला शिकवणीची गरज नाही, ती कॅथलिक आहे. नावापुरती नाही, पुरती. शुक्रवारी उपास म्हणून चरबीचं बोटही तोंडाला लावत नाही. उर्सुला गेल्याचं त्या फेरीवाल्याकडून कळलं होतं, तिच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे त्यांचा प्रार्थनाविधी, सांगते. तिचा नवरा ब्लासी याच चर्चचा घंटा वाजवणारा आणि थडगी खणणारा आहे. दोन मुली आहेत, आणि बाप कॅथलिक असला की मुलं कॅथलिक, असंच नव्या हुकमातही आहे.

तू विचारशील, हे कसं होऊ दिलंस. पहिली काही वर्षं दर महिन्याला कुणीतरी तपासायला यायचं. तीन वर्षांच्या पोरीला दोन धर्म कसे शिकवू, एक घरातला आणि एक दारातला? लहान पोराच्या जिभेला कुलूप नसतं. म्हणून घरातही जपमाळच ठेवली. तिला वाचायला शिकवलं नाही, कारण वाचता येणारी शेतकऱ्याची पोर म्हणजे घरात पुस्तक असल्याचा पुरावा. मोठी झाली की सांगू म्हटलं. ती मोठी झाली तेव्हा तिच्याजवळ स्वतःचा देव होता, आणि तो काढून घ्यायचा मला काही हक्क वाटेना. तुला वाटत असेल तर तुझं तुला लखलाभ.

तर शनिवारी निरोप ऐकून हीच रोझिना चिखलाच्या बुटांनी मोठ्या पाद्र्यांपुढे जाऊन उभी राहिली. फादर काजेटान तिथे होते, त्यांनीच मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "आत्या नरकात जाणार हे मला ठाऊक आहे, फादर. मी तिच्यासाठी रोज रडते. पण जाणारच असेल तर दाखला हातात घेऊन जाईल. तुम्ही दिवस मोजण्यात खोट करून तिला अडवलंत, तर ते पाप आपल्या सगळ्यांच्या पदरात पडेल."

मोठे पाद्री चिडले. मग म्हणाले, उद्या रविवार असला तरी सकाळी सातला ती या खोलीत हजर असेल, तर बुडलेले तीन दिवस दुपारी जादा बसून भरून घेऊ. मला उभंही राहता येत नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं.

काल सकाळी साडेसहाला ब्लासी लाकडं ओढायची घसरगाडी घेऊन दारात आला. मला घोंगडीत गुंडाळून वर ठेवलं आणि स्वतः दोर खांद्यावर घेतला. मिस्साला निघालेलं अर्धं गाव आणि आमच्या प्रार्थनेला निघालेलं उरलेलं अर्धं गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून बघत होतं, चर्चचा घंटावाला एका पाखंडी म्हातारीला ओढत नेतोय. ब्लासी सगळी वाट पुटपुटत होता. "सख्ख्या सासूसाठी नसतं केलं हे." मी म्हटलं, सख्खी सासू असते तर मीही बसले नसते.

पावणेसातला मी खोलीत होते.

प्लोनी

बुधवार, ९ एप्रिल

दोन दिवस रोझिना आली नाही. घसरगाडी एकटा ब्लासी ओढतो, आणि पुटपुटतही नाही.

चूक माझी आहे. तुझ्याविरुद्ध मी कितीही बोलेन, पण ही माझी आहे.

तुझं पत्र मी तिला अर्धंच वाचून दाखवलं होतं. बाप जिवंत आहे, आशीर्वाद देतो, एवढंच सांगून घडी घातली होती. बाकीचं गिळलं. झकारियासच्या गाडीत बसून ये, हे गिळलं. पोपचा धर्म टाकून येणार असशील तरच ये, नाहीतर मला मुलगीही नाही असं समजेन, हेही गिळलं. बहीण नाही, मुलगी नाही. तुझ्या घरात कुणाला तरी जागा आहे का रे?

का गिळलं, ते खरं सांगते. धर्माचा काही संबंध नव्हता. ती जाईल याची भीती वाटली. मला दुसरं कुणी नाही.

पण पाच आठवडे तुझं पत्र उशाखाली ठेवून मी रोज पाद्र्यांपुढे सत्यासाठी हट्ट धरून बसत होते. ते मलाच सोसेना. सोमवारी संध्याकाळी तिला बसवलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तिने पुन्हा वाच म्हटलं. पुन्हा वाचलं.

ती रडली नाही. बराच वेळ तिने मुलीच्या वेणीची गाठ सोडली, बांधली. मग म्हणाली, "तूही त्यांच्यासारखीच, आत्या. मला काय कळावं ते तू ठरवतेस."

मग ती तुझ्याबद्दल बोलली. मी तिचेच शब्द लिहिते, कारण तिने लिही म्हटलंय.

"तीन पानांचं पत्र आहे. त्यात धर्म किती वेळा आला? आणि आईचं एकच वाक्य. 'पहिल्याच हिवाळ्यात तुझी आई विश्वासात स्थिर राहून गेली.' स्थिर राहून गेली म्हणजे कशी गेली? तापाने? उपाशी? मला आईचा चेहरा आठवत नाही. हात आठवतो, मला कडेवरून खाली ठेवतानाचा."

एवढं बोलून ती गेली. तेव्हापासून आली नाही. गाडीत बसायचं की नाही, यावर एक अक्षर बोलली नाही. शिकवणीत आता लग्नाचा संस्कार चाललाय. फादर काजेटान वाचतात, मी नाही म्हणते, आणि कान दाराकडे असतात.

प्लोनी

बुधवार, १६ एप्रिल

काल शेवटची परीक्षा झाली. तीच खोली. टेबलही तेच, मी त्याच्या पायावरची चीर ओळखली. मोठे पाद्री मध्ये, शहरातून आलेला सरकारी कारकून उजवीकडे, फादर काजेटान डावीकडे बोटं बाहीत लपवून. ब्लासीने मला आत आणून उभं केलं आणि तो बाहेर गेला. दार उघडंच राहिलं. बाहेर पाय आपटल्याचा आवाज आला, तेव्हा कळलं की रोझिना आलीय. वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलता आलं नसतं.

धर्माचे प्रश्न लवकर संपले. सहा आठवड्यांची ती सगळी 'नाही' फादर काजेटाननी वाचून दाखवली. मग मोठ्या पाद्र्यांनी जुनी वही उघडली. सन पंचावन्नची. बोट ठेवून म्हणाले, "याच जागी तुम्ही शपथ घेतली होती की आपण जन्माच्या कॅथलिक आहोत. ती खरी की खोटी?"

खरी म्हणावं तर आजचं सगळं खोटं. खोटी म्हणावं तर खोट्या शपथेची शिक्षा. त्यांना वाटलं, म्हातारी आता अडकली. मला अठ्ठावीस वर्षं कुणी हे विचारलं नव्हतं, लेनहार्ट. तूही नाही.

मी म्हटलं, "खोटी होती. ज्याने पोर आईपासून तोडायचा कागद केला, त्याच्यापुढे घेतली होती. ती वेळ परत आली तर परत घेईन. लिहून घ्या."

कारकुनाने लेखणी शाईत बुडवली आणि तशीच धरून ठेवली. मोठ्या पाद्र्यांचा आवाज मऊ झाला, आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. ते म्हणाले, मग मुलीबद्दलची शपथही खोटीच असणार. घरात तिला गुपचूप काय शिकवलंत? ज्याची बायको छुपी लुथरपंथी, त्याच्या हातात चर्चच्या घंटेचा दोर कसा ठेवायचा?

मला बोलायला वेळ मिळाला नाही. रोझिना आत आली. कुणी बोलावलं नव्हतं. माझ्याशेजारी उभी राहिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"मी कॅथलिक आहे," ती म्हणाली. "हिने वाढवली म्हणून आहे. माझ्या पहिल्या प्रभुभोजनाचा पांढरा झगा हिने रात्रंदिवस बसून शिवला, आणि तिला त्यातलं काही पटत नव्हतं. हिची शपथ खोटी असेल, फादर, पण पाळली हिने खरी. तुम्ही लोकांकडून घेतलेल्या किती शपथा अशा पाळल्या गेल्या, ते तुम्हीच सांगा."

मग फादर काजेटान, जे सहा आठवड्यांत मोठ्या पाद्र्यांपुढे आपणहून एक वाक्य बोलले नव्हते, म्हणाले की नियमाप्रमाणे दिवस पूर्ण झालेत आणि त्यांच्या मते दाखला अडवायला कारण उरलेलं नाही. बोलताना त्यांची मान लाल झाली. कारकुनाने मोठ्या पाद्र्यांकडे बघितलं, मोठ्या पाद्र्यांनी वही मिटली.

दाखला तळहाताएवढा आहे. त्यावर लिहिलंय की अपोलोनिया एगर, विधवा, वय एकोणसाठ, समजावूनही चुकीच्या मताला चिकटून राहिली आहे, सबब तिला सहन करण्यात यावं. मी तो घडी न घालता हातात धरून झऱ्यावरून घरी आले. झिबिला तिथे होती. तिने मला पुढे जागा दिली. मी घेतली, आभार मानले नाहीत.

वाटेत रोझिना माझ्याशी बोलली नाही. पण दंड धरला होता, आणि धरला होता तो दुखेल इतका घट्ट.

अपोलोनिया

मंगळवार, २२ एप्रिल

झकारियास दारात उभा आहे, घोडे थांबत नाहीत म्हणतो. थोडक्यात लिहिते.

ईस्टरला आमच्या प्रार्थनाघरात पहिल्यांदा गेले. फळ्यांचं कोठार आहे, दार मागच्या बाजूला, आत अजून लाकडाच्या भुशाचा वास. मोठ्याने गायले. साठ वर्षं कुजबुजत म्हटलेलं मोठ्याने म्हणताना आवाज कसा लावायचा ते कुणालाच कळेना. सगळे बेसूर होतो. तुझा आवाज बरा होता, तू हवा होतास.

रोझिना येत नाही. हे मी ठरवलेलं नाही, या वेळी मी काहीच ठरवलेलं नाही. तुझं पत्र तिने झकारियासकडूनही वाचून घेतलं, मी काही गाळत तर नाही ना हे बघायला. तिला तो हक्क आहे. काल रात्री जेवताना ती म्हणाली की तिचं घर इथे आहे, मुली इथे आहेत, आणि देवही इथेच आहे, तो गाडीत बसवून नेता येत नाही.

तिची तुझ्यावर अट नाही. तू लुथरपंथी आहेस आणि लुथरपंथीच मरणार हे तिला चालतं. एका पाखंड्याला तिने अठ्ठावीस वर्षं आत्या म्हटलंय, दुसऱ्याला बाबा म्हणेल. सम्राटाला जे जमायला एवढे हुकूम लागले, ते ती चुलीपाशी बसून करते. आता तुला जमतं का ते तू बघ. दाखला मला मिळालाय, त्यांनी मला सहन केलंय. तू माझ्या मुलीला सहन कर. हो, माझ्या म्हटलं. उर्सुलाने दिली मला.

तू रागावून हे पत्र फाडशील, ते मला ठाऊक आहे. फाडण्याआधी एवढं उतरवून घे, हे तिने विचारलंय. आई कशाने गेली. कुठे पुरली. जवळ कोण होतं. आणि जाताना तिने रोझिनाचं नाव घेतलं का.

कोण चुकलं, कोण खरं, कोण स्वर्गात आणि कोण कुठे, यावर मी तुझ्याशी मरेपर्यंत भांडायला तयार आहे. कागदाला तोटा नाही. पण ते नंतर. आधी तिला तिच्या आईचं लिही.

अपोलोनिया